पूर्ण मावेल एवढे अंतर

छतापासून फरशीपर्यंत ताठ उभा असलेला तो पोलादी खांब गिऱ्हाइकांपुरता छताचा टेकू होता. ही थाप शिंप्याच्या आईची. खांब बसवला त्याच आठवड्यात एक गृहस्थ पँटची उंची कमी करून घ्यायला आले आणि माप देता देता त्या चकचकीत दांड्याकडे टक लावून पाहू लागले. शिंप्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो काही बोलणार तोच आतल्या खोलीतून आवाज आला, "छत जरा बसतंय हो. टेकू दिलाय."

गृहस्थांनी वर पाहिले. छत ठणठणीत होते. पण पिकल्या केसांच्या बाईशी वाद कोण घालणार? त्यांनी मान डोलावली, आपली छत्री त्या टेकूला टेकवून ठेवली, आणि ती लगेच घसरून फरशीवर आदळली.

"बघा," आई आतून म्हणाली, "छत्रीसुद्धा टिकत नाही त्याच्यावर. आमची सूनबाई मात्र..." पुढचे वाक्य तिने चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकले.

सूनबाईची गोष्ट गिऱ्हाइकाला सांगण्यासारखी नव्हती, कारण ती घरातही कोणी कोणाला नीट सांगितली नव्हती. दोनदा त्या घरात पाळण्याचा विषय निघाला होता, आणि दोन्ही वेळा नवराबायको दवाखान्याच्या पायऱ्या रिकाम्या हातांनी उतरले होते. दुसऱ्या खेपेनंतर ती कामावर परत गेली, बस कंपनीच्या चौकशी खिडकीत बसून लोकांना गाड्यांच्या वेळा सांगू लागली, वेळच्या वेळी जेवू लागली. पण चालताना ती स्वतःलाच कुठेतरी पोचवायला निघाल्यासारखी चाले. एकदा केस विंचरता विंचरता म्हणाली, "हे शरीर माझं आहे का रे? की तपासून परत केलेलं सामान?"

शिंप्याला बहुतेक प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या दिवशी सुचत, आणि तोवर विचारणारा निघून गेलेला असे.

मग कधीतरी तिने फोनवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला. बाई तिच्याच वयाची, घर तिच्याच घराएवढे, आणि मधोमध एक खांब. बाई त्यावर चढली, फिरली, उलटी झाली आणि हसली. तिने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, आणि जेवताना मीठ मागावे तितक्या साधेपणाने म्हणाली, "मला हे शिकायचंय."

तो हसला नाही. लोक काय म्हणतील, असेही म्हणाला नाही. तो उठला, गळ्यातला टेप काढून त्याने फरशीपासून छतापर्यंतचे माप घेतले. बायकोवर प्रेम कसे करावे हे त्याला नीटसे ठाऊक नव्हते. माप घेणे ठाऊक होते.

खांब आला तेव्हा त्याने छत बोटांनी वाजवून तुळई शोधली, दोऱ्याच्या रिळाला लहान कात्री बांधून ओळंबा सोडला, आणि कात्री डोलायची थांबेपर्यंत श्वास रोखून उभा राहिला. मग खालचा स्क्रू आवळत खांब दोन्हीकडून असा दाबून बसवला की तो हलवून पाहणाऱ्या आईचाच पदर खांद्यावरून घसरला. खांबाची जागा शिवणाच्या खोलीतच होती, कारण दुसरी मोकळी जागा नव्हती. संध्याकाळी गिऱ्हाईक संपले की कापड बेतायचे टेबल भिंतीला सरकायचे, बाहेरच्या दाराला कडी लागायची आणि जाड गादी खांबाच्या बुडाशी यायची.

घर लांबट होते. पुढे शिवणाची खोली, मग आईची, मग स्वयंपाकघर. दारे सगळी एका ओळीत. "रस्त्यावर उभं राहिलं की मागच्या भिंतीवरच्या घड्याळात वाजले किती ते कळतं," असे आई म्हणायची, म्हणून शिवणाच्या खोलीच्या आतल्या दाराला तिने जाड पडदा लावून घेतला होता.

सरावाचे कपडे अर्थात त्यानेच शिवले. ते पाहून आईने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

"दुकानातलं कापड संपलं का रे?"

"आई, कापड घसरतं. कातडी धरते."

"आमच्या वेळी उलट होतं बाबा. कातडी झाकायची आणि कापड धरून ठेवायचं." थोडे थांबून तिने सुनेकडे पाहिले. "थंडी नाही का गं वाजत?"

"चढल्यावर नाही वाजत, आई."

"मग चढ लवकर. उगाच सर्दी व्हायची."

चढणे मात्र पुढची गोष्ट होती. आधी अंग सैल करायचे होते. ती भिंतीशी पाय फाकवून बसे, एक टाच उशीवर ठेवून दुसरा पाय मागे सरकवत नेई, ओठ दाताखाली धरी. पाय जिथवर पोचला तिथे शिंपी खडूने रेघ मारी. तोच खडू, ज्याने तो दिवसभर बाह्या आणि गळे आखत असे. फरशीवर रेघांचा एक पंखा उमटत गेला. प्रत्येक रेघ आदल्या रेघेच्या बोटभर पुढे. झाडताना आई त्या रेघा वळसा घालून सोडून देई आणि म्हणे, "राहू दे, तिची उंची वाढतेय."

पुढे तिच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला, घोट्यांवर, काखेपाशी निळे-जांभळे डाग उमटले. तिने ते त्याला दाखवले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. "हे मी केलेत," ती म्हणाली. "डॉक्टरांनी नाही." तो त्या डागांकडे बघत राहिला आणि त्याला वाटले, इतक्या दिवसांनी ही घरी आली.

व्हिडिओ काढायचे काम त्याच्याकडे आले ते खोलीमुळे. फोन मशीनवर उभा केला तर वरचा खांब कापला जाई, टेबलावर ठेवला तर खालचा. हातात धरून कोणीतरी तिच्याबरोबर वरखाली व्हायला हवे होते. शिवाय उलटे होताना जवळ माणूस हवा, हा शिकण्यातला पहिलाच नियम होता. गुडघा सुटतोय असे वाटले की ती "गादी!" म्हणून ओरडे आणि तो पायाने गादी तिच्या डोक्याखाली ढकले. सराव संपला की दोघे मशीनच्या पेटीवर खांद्याला खांदा लावून बसत आणि व्हिडिओ बघत. तिथे ती कठोर होई. "कोपर बघ. वेडंवाकडं. पुन्हा." त्याला सगळेच सरळ दिसे.

तिला एका गोष्टीचा ध्यास होता. एका गुडघ्याच्या लवणीत खांब पकडायचा, पाठ मागे वाकवायची, आणि दोन्ही हात सोडून द्यायचे. आईने ते फोनवर पाहिले आणि कपाळाला हात लावला. "दिवसभर माणसात, आणि संध्याकाळी वटवाघळात?" तेव्हापासून घरात त्या कृतीचे नावच पडले वटवाघूळ. झाले का वटवाघूळ? नाही, एकच हात सुटतोय. आज? आज धीर झाला नाही.

आणि ह्याच दिवसांत शिंप्याच्या डोळ्यांच्या कडा मिटत आल्या होत्या.

ते कोणाच्याच लक्षात येण्यासारखे नव्हते. सुईत दोरा तो अजून पहिल्या फटक्यात ओवी. काळ्या कापडावर काळी शिवण त्याला दिसे. समोरचे, मधले, बारीक ते सगळे दिसे. गेले होते ते आजूबाजूचे. कोणी बाजूने येऊन बोलले की तो दचके. दाराच्या चौकटी त्याच्या खांद्याला लागू लागल्या. अस्तराचे कापड आणायला जातो म्हणून तो दवाखान्यात गेला. तिथे एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोके घालून त्याला बसवले. ठिपका चमकला की बटण दाबायचे. बराच वेळ ठिपका चमकेना, तेव्हा त्याला वाटले यंत्र बंद पडले असावे. यंत्र चालू होते.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "मधली नजर शाबूत आहे, कडा गेल्यात. गेलेलं परत येत नाही. थेंब घाला, उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू. घरात आणखी कोणाला होता?"

"वडलांना," तो म्हणाला. वडील शेवटी शेवटी भिंतीला बोटे लावून चालत. लहानपणी त्याला वाटे, ते भिंतीचे कापड पारखत आहेत.

येताना त्याने खरोखरच अस्तराचे कापड आणले. थेंबांची बाटली बटणांच्या डब्यात तळाशी ठेवली. हिला सांगायचे, हे त्याने रस्त्यातच ठरवले होते, आणि रस्त्यातच रद्द केले होते. सांगितले की ती सराव सोडणार. पुन्हा दवाखान्याची बाके, पुन्हा तो वास, पुन्हा हातात कागद धरून नाव पुकारायची वाट बघणे. ती आत्ता कुठे तिथून परतली होती. एकदा वटवाघूळ होऊ दे, मग सांगू. आणि त्या 'मग'च्या मागे त्याची स्वतःची एक इच्छा लपलेली होती, जी त्याला स्वतःजवळही बोलायला संकोच वाटे. ती तशी हात सोडून लटकलेली, बोटांपासून बोटांपर्यंत, एकदा त्याला पूर्ण बघायची होती. नजरेचे वर्तुळ तिच्याहून लहान होण्याच्या आत.

फोनच्या काचेत ती पूर्ण मावे, हे खरे. पण ते कागदावरच्या मापावरून माणूस ओळखण्यासारखे होते. म्हणून तो फोन छातीशी धरी आणि त्याच्या वरून, उघड्या डोळ्यांनी, तिलाच बघे. काचेकडे न बघता धरलेला फोन त्याच्या नजरेबरोबर वळे आणि त्याला दिसे तेवढेच टिपे. आणि जवळून त्याला दिसे फक्त तिचा चेहरा.

"माझे पाय कुठे गेले?" मशीनच्या पेटीवर बसून व्हिडिओ बघताना ती म्हणाली. "तोंड बघून काय करू मी? पावलं ताणलीत की नाही ते कळायला नको?"

"तोंड चांगलं आलंय."

"चापलुसी पुरे."

तेव्हा तो एक पाऊल मागे सरकला, आणि चमत्कार झाल्यासारखे तिचे गुडघे वर्तुळात आले. आणखी थोडे मागे, आणि पावले आली. काही आठवडे तो मशीनपाशी उभा राहिला. मग तिथूनही पावले निसटू लागली तेव्हा दारात. मग पडदा बाजूला करून आईच्या खोलीत, तिच्या पलंगाच्या कडेला. जितका दूर जाईल तितकी ती त्याला पूर्ण दिसे. आणि जितका दूर जाईल तितकी ती त्याच्याकडे जास्त वेळ बघू लागे, खाली उतरल्यावर, काही न बोलता, तळहातांवरची पावडर पुसत.

एके दिवशी ती बोलली.

"आधी मशीनजवळ उभा राहायचास. मग दारात. आता आईंच्या पलंगापाशी. पुढच्या महिन्यात काय, बसस्टॉपवरून शूटिंग करणार?"

तो हसला. ती हसली नाही.

"लाज वाटते ना तुला?"

खरे उत्तर जिभेवरच होते. पण त्या उत्तराच्या पाठोपाठ येणारे सगळे त्याला दिसले: तिचा चेहरा, दवाखान्याचा जिना, एका कोपऱ्यात कपडे टांगायला उरलेला खांब. आणि तिने स्वतःच पुढे केलेले हे दुसरे उत्तर किती हलके होते, नुसते उचलायचे.

"थोडी," तो म्हणाला.

तिने मान हलवली. त्याच्या हातातून फोन घेतला, काच स्वतःच्या दंडावर पुसली. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली, आणि पडदा ओढून घेतला.

त्यानंतर ती एकटीच सराव करी. फोन कापडांच्या ताग्यांवर टेकवून ठेवलेला; जेवढे येईल तेवढे येऊ दे. शिंपी स्वयंपाकघरात बसून काजे करी आणि कान पडद्याकडे ठेवी. तळव्याचा खांबावर होणारा कुचकुच आवाज, श्वास, पाय टेकल्याचा ठोका. आवाजांवरून ती कुठे पोचली ते त्याला कळे. आई दोघांच्या मधल्या खोलीत बसून भाजी निवडत दोन्हीकडे आळीपाळीने बघे. तीही त्या दिवसांत फारशी विनोद करीत नसे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो कुचकुच आवाज झाला, श्वास झाला, आणि मग काहीच झाले नाही. ती शांतता नेहमीपेक्षा लांबली. ती हात सोडतेय, त्याच्या मनात आले. तो सुई टोचल्यासारखा उठला. तेवढ्यात ती ओरडली, "गादी—", सवयीने, तिथे कोणी नसताना. आणि धप्पकन आवाज झाला.

तो धावला. आईच्या खोलीत मधोमध लाकडी स्टूल होते. ते त्याच्या नडगीत बसले, आणि तो स्टुलासकट, भाजीच्या परातीसकट पडद्याच्या खाली जाऊन आदळला. पडदा तुटून त्याच्या अंगावर आला. तो रांगत पुढे सरकला. ती अर्धी गादीवर, अर्धी फरशीवर पडली होती, घोटा धरून. तिचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती त्याच्याकडे आश्चर्याने बघत होती, कारण त्याच्या भुवईतून रक्त येत होते.

"तुला काय झालं?" दोघांनी एकाच वेळी विचारले.

आई मागे उभी होती. "ते स्टूल सकाळपासून तिथेच आहे," ती सावकाश म्हणाली. "मी त्याच्या शेजारीच बसले होते. मोठं पिवळं स्टूल."

"घाईत दिसलं नाही, आई."

ती त्याला वळसा घालून पुढे आली आणि त्याच्या समोर, हातभर अंतरावर, गुडघे मोडून बसली. कित्येक वर्षांत ती अशी फरशीवर बसली नव्हती.

"माझ्याकडे बघ. नाकाकडे. मान हलवायची नाही, डोळे फिरवायचे नाहीत. सांग, माझे हात कुठे आहेत?"

त्याला आईचा चेहरा दिसत होता. प्रत्येक सुरकुती, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा, वरच्या ओठावरचा तीळ. आईच्या भोवती काही नव्हते.

"मांडीवर," तो म्हणाला.

बायकोच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. आईने दोन्ही हात बाजूला, पंखांसारखे, पूर्ण पसरले होते.

"तुझ्या बाबांना मी असंच विचारलं होतं," आई म्हणाली. "ते पण मांडीवरच म्हणाले होते." मग तिने पसरलेले हात मिटले, त्याच्या डोक्यावरून पडदा काढला आणि त्याच पडद्याने त्याची भुवई दाबून धरली. "मला कळलं होतं रे. चौकटीला खांदा लागायला लागला तेव्हाच. मी म्हटलं, आपण बोललो की ते खरं होईल."

बायको, घोटा तसाच धरून, म्हणाली, "थोडी लाज वाटते म्हणालास."

"ते सोपं होतं."

"कोणाला?"

ह्याचे उत्तर त्याला दुसऱ्या दिवशीही सुचले नाही.

ज्या पायऱ्यांपासून तिला वाचवायचे म्हणून त्याने एवढे केले, त्याच पायऱ्या दोघे दुसऱ्या दिवशी चढले. ती एका पायावर, त्याच्या खांद्याला धरून; तो तिने सांगितल्याप्रमाणे. "पायरी. पायरी. आता सपाट." बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "रागावलेय मी. हे लक्षात ठेव. पाय बरा झाला तरी रागावलेलीच असणारे." आणि त्याचा हात तिने सोडला नाही.

तिच्या घोट्यावर पट्टे बसले, आणि त्याच्या थेंबांची बाटली बटणांच्या डब्यातून उजेडात, मशीनवर, आली. पाय उशीवर ठेवून ती दिवसचे दिवस जुने व्हिडिओ बघत पडून राही. एकदा तिने त्याला हाक मारली. "ये इकडे. बघ." एकामागून एक तिने ते लावले. पहिल्यात नुसती ती. मग तिच्या बाजूला मशीनची कड. मग दाराची चौकट. मग पडदा, मग आईच्या पलंगाचा खूर. आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी, तो फोन खाली ठेवताना, चित्रात क्षणभर एक हात येई, टेबलाची कड चाचपडणारा.

"हे सगळं इथेच होतं," ती म्हणाली. "आणि मी माझं कोपर बघत बसले." पुढे ती पुष्कळ वेळ रडली. त्याने फक्त तिच्या पावलाखालची उशी सारखी केली.

मग तिने डोळे पुसले आणि विचारले, "किती दिसतं तुला? मला दाखव."

शिंप्याने भरतकामाची लाकडी रिंग काढली, मोठीतली, आणि हात लांब करून डोळ्यांसमोर धरली. "एवढं. ह्याच्या आतलं."

पट्टे निघाल्यावर तिने पहिले काम केले ते हे: तीच रिंग हातभर लांब धरली, एक डोळा मिटला, आणि खांबाकडे तोंड करून लंगडत, एकेक पाऊल मागे जाऊ लागली. दारात खांबाची दोन्ही टोके बाहेर राहत होती. आईच्या खोलीत एक. "बाजूला व्हा आई." स्वयंपाकघरात, ओट्याच्या पलीकडे, तिची पाठ मागच्या भिंतीला टेकली, बरोबर घड्याळाखाली, तेव्हा खांब वरपासून खालपर्यंत रिंगेत मावला. तिने खडू मागितला आणि तिथे फरशीवर रेघ मारली.

"इथे उभं राहायचंस तू."

दुसऱ्या तपासणीनंतर डॉक्टरांनी बाटली बदलली. घरी आल्यावर त्याने मोठी रिंग डोळ्यांसमोर धरून पाहिली. रिंगेची कड आता कशीबशीच दिसत होती. त्याने ते तिला सांगितले, कारण आता सांगायचे ठरले होते. तिने दुसरी, लहान रिंग उचलली, त्याच रेघेवर जाऊन उभी राहिली, आणि डोळा मिटला. त्या रिंगेत खांब मावत नव्हता. आणि मागे भिंत होती.

"घोटा पूर्ण बरा होऊ दे," तो म्हणाला. "काही घाई नाही."

"घाई आहे," ती म्हणाली.

ती सकाळी कामावर जाण्याआधी अंग ताणू लागली. जुन्या रेघा पुसट झाल्या होत्या. पाय पूर्वीच्या निम्म्या रेघांपर्यंतही पोचेना. रेघा पुन्हा पहिल्यापासून आखाव्या लागल्या. ती त्या आखताना त्याच्या बोटांकडे बघे, आणि बोटे खडू कुठे टेकवायचा ते आधी चाचपून पाहतात, हे तिने पाहिले.

शेवटी एका रविवारी, ऊन खिडकीतून थेट खांबावर पडत असताना, तिने आईच्या खोलीतला पलंग हलवायला लावला. स्टूल बाहेर गेले. पडदा पुन्हा लावलाच नव्हता. दारे सगळी सताड उघडी राहिली.

"गादी कोण बघणार?" शिंपी म्हणाला.

"मी," आई म्हणाली. "तू तुझ्या रेघेवर जा. मला काय जमत नाही असं वाटतं का? आणि तो फोन द्या इकडे. एका हातात फोन, एक पाय गादीवर. माकडांचा खेळ म्हणतात तो हाच."

"आई, बटण दाबलंत ना?"

"दाबलं गं. तू चढ."

तो घड्याळाखाली उभा राहिला. पाठ भिंतीला. त्याने डोळे उघडले आणि समोरची दोन दारे एकात एक बसवलेल्या चौकटींसारखी त्याला दिसली, आणि त्यांच्या पार तळाशी, उन्हात, ती. ती चढली. फिरली, गुडघा आवळला, मागे गेली. पाठ वाकली. एक हात सुटला. दुसऱ्या हाताची बोटे खांबावर एकेक करून उघडली, आणि सुटली.

ती मावली. ताणलेल्या पावलाच्या टोकापासून ते खाली सोडलेल्या बोटांच्या टोकापर्यंत ती सगळी त्या वर्तुळात होती, टोके कडांना जेमतेम शिवत होती, तिळभरही बाहेर नव्हते. पण किती लहान दिसत होती ती तिथून! बेतायच्या कागदावर पेन्सिलीने काढावी तेवढी. एवढ्या लांबून तिला चेहरा नव्हता.

तो जे बघायला इतके दिवस मागे मागे सरकत आला होता ते त्याने पाहिले. श्वासभर, दोन श्वास. मग त्याने भिंतीवरची पाठ काढली.

"अरे, जागेवर थांब!" आई ओरडली.

तो चालत राहिला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिची पावले वर्तुळाबाहेर गेली. आईच्या खोलीत गुडघे गेले. दारात कंबर गेली, हात गेले. ती तुकड्यातुकड्याने त्याच्यातून जात होती आणि त्याने एकाही तुकड्यासाठी पाऊल थांबवले नाही. खांबापाशी पोचला तेव्हा वर्तुळात फक्त तिचा चेहरा उरला होता, उलटा, लालबुंद, भुवयांच्या जागी ओठ. ती रडत होती आणि तिचे अश्रू कपाळाकडे वाहत होते.

"दिसलं?" तिने विचारले.

"पूर्ण."

"मग इथे का आलास, वेड्या?"

त्याने हात पुढे करून तिचे डोके दोन्ही तळव्यांत धरले. "उतर आता," तो म्हणाला.

संध्याकाळी तिघांनी मशीनच्या पेटीवर दाटीने बसून आईने काढलेला व्हिडिओ लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यात आईच्या अंगठ्याचा एक गुलाबी डोंगर होता आणि डोंगराच्या पलीकडे गादीचा कोपरा. "बटण तर दाबलं होतं मी," आई खजील होऊन म्हणाली. आवाज मात्र सगळे आले होते. तळव्याची कुचकुच, तिचा श्वास, हात सुटल्यावरची ती लांब शांतता. लांबून चालत येणारी पावले. दिसलं? पूर्ण.

"पुसून टाकू?" आईने विचारले.

शिंप्याने डोळे मिटून घेतले होते. "पुन्हा लाव," तो म्हणाला.